स्लॉथवाली बीन बॅग, आठ महिने वापरून: पैसे वसूल, पण उठवायला घरात माणूस पाहिजे

एप्रिलमध्ये घेतली, आता डिसेंबर लागला आणि रिव्ह्यू आज लिहून राहिलो, म्हणजे माणूस कोणत्या जातकुळीतला आहे ते समजलंच असेल तुम्हाला. कंपनीचे 'तुमचा अनुभव सांगा' वाले मेसेज दर पंधरा दिवसांनी येत होते आणि मी दरवेळी रविवारी लिहू म्हणून ढकलत होतो. पण त्यात एक बरं झालं, नागपूरचा उन्हाळा, पावसाळा आणि आताची थंडी असे तिन्ही हंगाम या वस्तूने काढले, त्यामुळे पार्सल फोडल्याच्या दुसऱ्या दिवशी पाच स्टार देऊन मोकळे झालेल्या लोकांना जे दिसलं नसेल ते सगळं मला दिसलं.

आधी वस्तू काय ते सांगतो. थ्री एक्सएल साइझची बीन बॅग, वरून तपकिरी केसाळ कापड, डोकं टेकायची जागा आहे तिथे स्लॉथचं (झाडाला उलटा लटकून राहणारा तो अमेरिकेतला हळूबाई प्राणी) तोंड, दोन्ही बाजूंनी लांबच लांब हात जे आपल्या पोटावर घेऊन वेल्क्रोने चिकटवता येतात, म्हणजे स्लॉथने आपल्याला मागून मिठी मारल्यासारखं. किंमत २,१९९. फोटोत फुगलेली मस्त दिसते, घरी आलं ते मात्र एक चपटं पाकीट, कारण बीन्स वेगळे घ्यायचे असतात आणि ते पेजच्या पार खाली बारक्या अक्षरांत लिहिलेलं असतं. आईने ते कातडं हातात धरून पाहिलं आणि म्हणाली, "हे का बाप्पा, वानर सोलून आणलं का रे?"

घ्यायचं कारण माझी भाची. जानेवारीत तिला घेऊन गोरेवाड्याच्या सफारीला गेलो होतो. तिथे स्लॉथ बेअर आहे हे तिने कुठंतरी वाचलं होतं आणि त्यातला 'स्लॉथ' तेवढा डोक्यात ठेवला होता. बसमध्ये पूर्ण वेळ झाडांच्या फांद्यांकडे मान वर करून बसली. अस्वल आलं, काळं, झिपरं, छातीवर पांढरा पट्टा, चांगलं जवळून दिसलं, आम्ही सगळे खुश आणि ही म्हणते, "मामा, हे तर अस्वल आहे, स्लॉथ कुठे?" आता तिला काय सांगू की यात तिची चूकच नाही, चूक २०० वर्षांपेक्षा जुनी आहे. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज माणसाने आपल्या अस्वलाच्या लांब नख्या आणि पुढच्या दातांची गॅप पाहून त्याला थेट स्लॉथच्याच खात्यात टाकलं, ब्रॅडिपस उर्सिनस असं नाव देऊन, म्हणजे अस्वलासारखा स्लॉथ. ते अस्वल आहे हे नंतर लक्षात आलं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. आणि अस्वलाला आळशी म्हणणाऱ्याला एकदा ताडोब्याच्या बाजूच्या गावात मोहफुलांच्या दिवसांत पहाटे पाठवलं पाहिजे, मग समजेल ते किती आळशी आहे.

तर खरा स्लॉथ पाहायला मिळाला नाही म्हणून रडारड, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आमच्याकडे यायच्या आधी मामाने ही बॅग मागवली. आता खरं सांगायचं तर भाचीचं फक्त नाव होतं, लोळायला मलाच पाहिजे होती. मी घरून काम करतो, ऑफिस पुण्यात, घर त्रिमूर्तीनगरात, आणि खुर्चीवर बसायचा मला पहिल्यापासून कंटाळा.

बीन्स इतवारीतून आणले, अडीच किलो, दोन भल्या मोठ्या पिशव्या. वजन काहीच नाही पण आकार असा की स्कूटीवर मी दिसतच नव्हतो, नुसत्या पिशव्या चालल्या आहेत असं वाटत होतं. दुकानदार म्हणाला होता, "भाऊ, कापडाच्या दुकानातून ताग्याची पुठ्ठ्याची नळी घ्या, एक टोक पिशवीत बांधा, एक बॅगच्या तोंडात, दहा मिनिटांचं काम आहे." बाजूलाच कापडाचं दुकान होतं. मी गेलो नाही. कोण उतरेल परत, ऊन किती आहे, सरळ ओतून टाकू असं म्हटलं.

आणि सरळ ओतले. एप्रिलची दुपार, हॉलमध्ये कूलर फुल स्पीडवर, चेन उघडली, पिशवी कापली आणि वाकडी केली. थर्माकोलचे हे दाणे म्हणजे जवळपास सगळी हवाच असते, त्यात कूलरचा झोत, पहिल्या सेकंदाला शे-दोनशे दाणे उडाले, दुसऱ्या सेकंदाला मी घाबरून पिशवी सरळ करायला गेलो तर ती मधून फाटली. हॉलमध्ये बर्फ पडला हो. आणि आपल्याकडची ती कोरडी हवा, तिच्यात स्टॅटिक करंट उतरतच नाही, त्यामुळे दाणे हाताला चिकटतात, झटकले की दुसऱ्या हाताला चिकटतात, आईच्या केसांत, देवाच्या फोटोवर, टीव्हीच्या स्क्रीनवर. काही दाणे कूलरच्या टाकीत जाऊन तरंगत राहिले आणि संध्याकाळी पंप घुं घुं करून बंद पडला. कूलरवाल्याने पंप खोलून जाळीतून चिमूटभर दाणे काढले, माझ्याकडे पाहिलं आणि २५० रुपये घेतले. त्या पुठ्ठ्याच्या नळीचे कापडवाल्याने बहुतेक दहा रुपये घेतले असते, कदाचित फुकट दिली असती. आळशाला दुप्पट काम म्हणतात ते हेच. ओल्या फडक्याने टिपून घ्या, झाडूने गोळा करायच्या भानगडीत पडू नका, झाडू लावला की ते पुढे पळतात. दिवाळीच्या साफसफाईत सोफ्याखाली आणखी मूठभर सापडले.

भरून झाल्यावर मात्र काय चीज आहे सांगू. पहिल्यांदा बसलो तेव्हा खर्र्र आवाज करत ती अंगाच्या आकाराची झाली, पाठीला, मानेला, मांड्यांना सगळीकडून आधार, दोन्ही हात ओढून पोटावर वेल्क्रो लावला आणि दीड तास गेला कुठे समजलं नाही. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, त्यातली खाट बदलून ही टाकावी इतकी आरामशीर आहे. त्या एका गोष्टीसाठी मी कंपनीला पूर्ण मार्क देतो.

आता उन्हाळ्याचं. केसाळ कापड आणि आत हवा कोंडलेले दाणे, म्हणजे तुम्ही चक्क रजई पांघरलेल्या थर्मासमध्ये बसता. पाठीची गरमी बाहेर जायला जागाच नाही. एप्रिलमध्ये चाललं, मेमध्ये पारा ४५च्या वर गेला आणि नवतपा लागला तेव्हा वीस मिनिटांत टी-शर्ट पिळून काढावा लागत होता, वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर समोर असून. खऱ्या स्लॉथचं याबाबतीत बरं आहे, तो शरीराचं तापमान आपल्यासारखं एका आकड्यावर धरून ठेवायला शक्ती घालवत नाही, हवा गार झाली की अंग गार, ऊन आलं की फांदीवर शेकत बसतो. पण तो राहतो मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या ओल्या जंगलात, त्याला मेमध्ये नागपूरला आणलं तर तोही उतरून फरशीवर झोपेल. मी तेच केलं. मे महिना आणि अर्धा जून बॅग कोपऱ्यात पडून होती. कॉटनचं कव्हर ऑप्शनमध्ये असेल तर तेच घ्या, थोबाड कमी गोंडस दिसेल, पण बसता तरी येईल.

भाची मेच्या सुट्टीत आली ती पूर्ण अभ्यास करून. तिसरीत आहे, पण स्लॉथच्या बाबतीत तिला कोणी फसवू शकत नाही. बॅगभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "मामा, याची बोटं चुकली." मी पाहिलं तर खरंच, पुढच्या हातांना तीन-तीन नख्या आणि मागच्या पायांना दोन-दोन. स्लॉथ दोन प्रकारचे, दोन बोटांचे आणि तीन बोटांचे, पण तो फरक फक्त पुढच्या हातांचा, मागे दोघांनाही तीनच. म्हणजे पुढे तीन मागे दोन असा प्राणी जगात नाही, तो फक्त माझ्या हॉलमध्ये आहे. मग आम्ही दोघं बसून चुका काढत बसलो. तोंड तीन बोटवाल्याचं, डोळ्यांवरून काळे पट्टे आणि ते कायम हसल्यासारखं, तर मग शेपटी पाहिजे, छोटीशी, ती नाही. आणि केस. स्लॉथ उलटा लटकतो ना, म्हणून त्याच्या केसांचा भांग पोटावर असतो आणि केस पोटाकडून पाठीकडे वळतात, पावसाचं पाणी निथळून जावं म्हणून. याचा भांग बरोबर पाठीवर. कुत्र्याच्या टेडीचं कापड वापरलेलं दिसतं. हे तुम्हाला बारीक वाटेल, पण ज्या घरात आठ वर्षांची मुलगी आहे तिथे बारीक नाही.

सोबत एक टॅग होता त्यावर लिहिलेलं, 'मी दिवसाला २० तास झोपतो, तू पण झोप!' हे तर माझ्या आईला दाखवायलाच नको होतं. तिने टॅग वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चार तास जास्त जागून राहिला तू." पण हे पण खोटं आहे. पनामाच्या जंगलात मोकळ्या स्लॉथच्या डोक्याला मेंदूच्या लहरी मोजायचं छोटं यंत्र लावून पाहिलं, २००८ मध्ये ते छापून आलं, तर झोप निघाली दिवसाला ९.६३ तास. पिंजऱ्यातले मात्र जवळपास १६ तास झोपतात असं आधी मोजलं गेलं होतं, काम नाही, शोधाशोध नाही, काय करतील बिचारे. मी माझा हिशोब लावला, रात्री सात तास आणि दुपारी जेवणानंतर अडीच, साडेनऊ. म्हणजे मी जंगलातल्या स्लॉथच्या बरोबरीला आहे, पिंजऱ्यातल्या नाही. हे आईला सांगितलं, तिला पटलं नाही.

आणि मला खरंच वाटतं की त्या प्राण्यावर अन्याय झालाय. स्पॅनिशमध्ये त्याला पेरेझोसो म्हणतात, म्हणजे आळशी, पोर्तुगीजमध्ये प्रेगीसा, म्हणजे आळसच, इंग्रजीत स्लॉथ म्हणजे ख्रिश्चनांच्या सात मोठ्या पापांतलं एक. १८व्या शतकातला बुफाँ नावाचा फ्रेंच निसर्गतज्ज्ञ तर म्हणून गेला की याच्यात आणखी एक दोष असता तर हा जगलाच नसता. अरे पण तो खातो झाडाची पानं, त्यात ताकद किती, एक जेवण पचायला दिवसचे दिवस जातात, कधी आठवडे. जेवढी कमाई तेवढाच खर्च, हळू हलतो म्हणून वरून फिरणाऱ्या हार्पी गरुडाला पटकन दिसत नाही. आमच्या गल्लीतल्या मोटरसायकली उडवणाऱ्या पोरांपेक्षा तर हुशारच म्हणायचा. मी दुपारी सावजीचं मटण आणि चार पोळ्या खाऊन त्याच बॅगवर पडतो, माझी कमाई आणि खर्च काही जुळत नाही, माझा आळस वेगळा आहे, तो मला मान्य आहे.

सावजीवरून आठवलं. जुलैमध्ये बॅगवर बसून जेवत असताना तर्री सांडली, डाव्या हातावर, म्हणजे स्लॉथच्या. आता कव्हर धुवायचं तर काढायचं कसं? आत वेगळं अस्तर नाहीये. दाणे थेट कव्हरमध्ये. म्हणजे धुवायचं तर अडीच किलो दाणे पुन्हा पिशवीत, धुवायचं, वाळवायचं आणि पुन्हा भरायचं, आणि भरायचा कार्यक्रम आमच्या घरात एकदा झालेला आहे, बायकोने दुसऱ्यांदा होऊ दिला नसता. ही माझी या वस्तूबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार आहे. दोनशे रुपये जास्त घ्या पण आत एक चेनवाली साध्या कापडाची पिशवी द्या ना बाबा. शेवटी भांडी घासायचं लिक्विड आणि जुन्या ब्रशने घासलं, केस तिथे आता चिकट राहतात आणि लालसर डाग आहेच.

मग पावसाळ्यात कमाल झाली. बॅग खिडकीजवळ, चार दिवस झडी, हवा दमट, आणि मी ती हलवायचा कंटाळा केला. एका सकाळी पाहतो तर मागच्या बाजूला हिरवट छटा, वास पण ओल्या पोत्यासारखा. बुरशी. मी कपाळाला हात लावला आणि भाचीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती टाळ्याच वाजवायला लागली, "मामा, आता तो खरा झाला!" कारण खऱ्या स्लॉथच्या केसांत शेवाळ वाढतं, केसांना भेगा असतात त्यात पाणी धरून राहतं, अंगाला हिरवट रंग येतो आणि तो पानांत लपून जातो. वर त्याच केसांत पतंग राहतात, त्या पतंगांची अंडी त्याच्याच शेणात. आमच्याकडे पतंग निघाले नाहीत एवढं उपकार. लिंबू आणि मीठ चोळलं, दोन दिवस गच्चीवर ऊन दाखवलं, गेली. पण जिथे ओल येते अशा भिंतीला ही टेकवून ठेवू नका.

लॅपटॉपवर काम करायला घ्यायचा विचार असेल तर नका घेऊ. मोबाइल, पेपर, क्रिकेट, दुपारची झोप, यासाठी उत्तम. लॅपटॉप मांडीवर घेतला की मान छातीत जाते आणि पाठीचा धनुष्य होतो, दहा दिवसांत माझी मान उजवीकडे वळायची बंद झाली. तीन बोटांच्या स्लॉथच्या मानेत आठ-नऊ मणके असतात, आपल्या सातच, जिराफाच्या पण सातच, त्यामुळे तो अंग न हलवता पार मागे पाहू शकतो. मला मागे पाहायचं तर पूर्ण बॅगसकट फिरावं लागत होतं. फिजिओथेरपीवाल्या मॅडमने पाच सेशन दिले आणि विचारलं बसता कशावर, मी खोटं सांगितलं, खुर्चीवर.

बायकोचा मुद्दा वेगळाच. ती म्हणते ही बॅग घरात आल्यापासून मी पाणी प्यायला पण उठत नाही, हाका मारतो. एका रविवारी सकाळी दहा ते दुपारी तीन मी तिच्यावरच होतो, तेव्हा ती दारात उभी राहून बोलली, "अरे, तो स्लॉथ पण आठवड्यातून एकदा झाडावरून उतरतो." खरं आहे, उतरतो, शौचाला, तेही साधारण आठवड्यातून एकदाच. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हात सप्टेंबरमध्ये तुटला. मारबतीची मिरवणूक पाहायला भाचीला आमच्याकडे आणलं होतं, महालात गर्दीत तीन तास उभं राहून आलो, घरी आल्यावर मी सरळ आडवा आणि ती स्लॉथच्या हाताला लटकली. काखेतली शिवण उसवली आणि भसकन दाणे. एकेरी धाग्याची टीप आहे तिथे, जिथे सगळा ताण येतो नेमकं तिथेच. खऱ्याची पकड अशी असते की स्नायूंना जोर द्यावाच लागत नाही, नख्या आकड्यासारख्या अडकतात, मेलेला स्लॉथसुद्धा कधीकधी फांदीला लटकून राहतो. कंपनीला फोटो पाठवले, उत्तर आलं की वॉरंटी फक्त चेनला आहे. आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांनी ४० रुपयांत डबल टीप मारून दिली, वरून विचारलं, "हे कोन आहे?"

आता बीन्स दबले. आठ महिन्यांत दाण्यांतली हवा पिळून जाते, ते चपटे होतात, आणि बसलं की फरशी लागते. साधारण अर्धा-पाऊण किलो आणखी टाकावे लागतील. पिशवी आणलेली आहे, यावेळी पुठ्ठ्याची नळी पण आणली, दोन्ही दिवाळीपासून गॅलरीत आहेत.

स्टार द्यायचे तर आरामाला पाच, शिवणीला दोन, बोटांना शून्य, आत अस्तर नाही म्हणून एक कापला, एकूण तीन. घेणार असाल तर ऑक्टोबरनंतर घ्या, कॉटन कव्हर घ्या, शिवण घेतल्या घेतल्या टेलरकडे डबल करून घ्या, आणि भरताना कूलर, पंखा सगळं बंद.

आणि घरात वयस्कर माणूस असेल तर एक महत्त्वाचं. हिच्यातून उठायची एक पद्धत आहे, आधी कुशीवर वळायचं, मग हात रोवून स्वतःला ओढत बाहेर काढायचं, मग गुडघे, मग भिंत. स्लॉथ जमिनीवर आला की असाच सरकतो, मागचे पाय अंग पेलत नाहीत, पुढच्या नख्या रोवून ओढत नेतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जमत नाही. आई आठ महिने तिला वानराचं कातडं म्हणत होती, आज तुरीच्या शेंगा सोलायला मोठ्या ऐटीत तिच्यावर जाऊन बसली, अर्ध्या तासापासून मला हाका मारून राहिली. येतो आई, दोन मिनिटं, एवढं पोस्ट करू दे.